ब्रेक आधी, गिअर मग

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी सायकलनं शाळेत कोण कोण जातं? हात वर करा पाहू! वा, पुष्कळ आहेत. आणि सायकल घेऊन टेकडीवर कोण कोण गेलंय? हं... बरेच हात खाली आले.

माझी भाची यंदा आठवीत गेली. वाढदिवसाला तिला जाड टायरची, २१ गिअरची सायकल मिळाली. (२१ गिअर म्हणजे पुढे तीन चक्रं आणि मागे सात. सात त्रिक एकवीस. पाढे कुठे उपयोगी पडतील सांगता येत नाही!) तिच्या घराच्या गॅलरीतून समोर टेकडी दिसते. आमच्या पुण्यात टेकड्यांना तोटा नाही. ही नेमकी कोणती ते मात्र सांगणार नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तुम्ही सगळे तिथं हजर व्हाल.

तर गॅलरीतून आणखी एक गोष्ट दिसायची. दर रविवारी सकाळी सहाला चौकातल्या चहाच्या टपरीपाशी दहा-बारा सायकलवाले जमायचे. त्यात कॉलेजातली मुलं, बँकेत नोकरी करणारे एकदोघं, दातांच्या एक डॉक्टरीणबाई आणि पांढऱ्या मिशांचे एक काका. टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघायचे, चहा प्यायचे, मोठमोठ्यानं हसायचे आणि साडेसहाला टेकडीच्या वाटेला लागायचे. नऊला परत यायचे तेव्हा सगळे धुळीनं असे माखलेले, की घरच्यांनीही ओळखू नये.

"मामा, मला त्यांच्यात जायचंय."

"मग जा की. विचार त्यांना."

"असं कसं विचारायचं? ते हसतील."

आठ रविवार गेले. आठ रविवार आमची ही वाघीण गॅलरीत उभी! बोलायला अख्खा वर्ग गप्प करील अशी पोरगी, पण चौकापर्यंतच्या शंभर पावलांना दोन महिने लागले. तुम्हाला हसू येतंय? मला नाही आलं. मी स्वतः कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या मंडळाची पाटी वाचून तीनदा परत फिरलो होतो.

शेवटी नवव्या रविवारी ती गेली. फॉर्म नव्हता की वर्गणी नव्हती. मिशीवाल्या काकांनी तिला फक्त तीन प्रश्न विचारले. हेल्मेट आहे का? पाण्याची बाटली आहे का? दोन्ही ब्रेक लागतात का? तिन्हींना 'हो' असेल तर पुढच्या रविवारी ये, आणि आईला सांगून ये.

आता आई म्हणजे माझी ताई. ती काय म्हणाली असेल? "एकटी मुलगी, सगळी अनोळखी माणसं, आणि वर टेकडी! मुळीच नाही." ताईचं काही चुकत नव्हतं बरं का. पण तिनं पुढं जे केलं ते मला फार आवडलं. (आईबाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी.) नुसतं 'नाही' म्हणून ती थांबली नाही. स्वतः टपरीपाशी गेली आणि डॉक्टरीणबाईंची चांगली उलटतपासणी घेतली. सगळ्यात शेवटी कोण असतं? कुणी पडलं तर खाली आणायचा रस्ता कुठला? मलमपट्टी कुणाजवळ असते? परत किती वाजता? डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं आणि कॉलेजातल्या एका उंच मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आमचं शेपूट."

शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा. त्यानं कुणाच्याही पुढं जायचं नाही. अगदी मागचा माणूस चालायला लागला तर यानंही उतरून चालायचं. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत जादा ट्यूब, हवेचा पंप, पंक्चरचं सॉलिशन आणि बँडेज. दर रविवारी शेपूट बदलतं, पण शेपटाशिवाय कुणी निघत नाही. ताईला हे पटलं. तिनं एकच अट घातली, मामानं बरोबर जायचं! म्हणजे माझी रविवारची झोप गेली.

निघालो. माझी सायकल जुनी आणि मीही जुना, त्यामुळे दहाव्या मिनिटाला मी शेपटाच्या शेजारी. तिथून मला एक गंमत कळली. वाटेला फाटा आला की पुढचे सगळे थांबायचे. आम्ही धापा टाकत पोचलो की लगेच "चला" म्हणून निघायचे नाहीत. आम्ही पाणी पिऊन, श्वास घेऊन "हं" म्हटल्यावरच हलायचे. विचार करा, नाहीतर काय झालं असतं? जो जोरात जातो त्याला प्रत्येक फाट्यावर विश्रांती मिळाली असती, आणि जो दमलाय त्याला एकदाही नाही!

भाची मात्र मधल्या घोळक्यात होती, भलतीच खुशीत. चढाला हलका गिअर टाकायचा तो चढ लागायच्या आधी, चढात नाही. नाहीतर पॅडलवर सगळा जोर असताना चेन खडाखडा वाजते, कधी उतरतेही. सीटवर थोडं पुढं सरकून बसायचं. ते तिला काकांनी एकदा सांगितलं आणि तिनं लगेच उचललं. वर पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चिक्की वाटली. (दातांच्या डॉक्टर आणि चिक्की! मी काही बोललो नाही.) खाली अर्धं पुणं धुक्यात होतं. भाची माझ्याकडे बघून हसली. आठ रविवार गॅलरीत उभं राहिल्याचं सार्थक झालं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मग उतार.

मी मागून एका वळणावर आलो, तर सगळे थांबलेले. भाची घाणेरीच्या झुडपात. कोपर सोललेलं. आणि वाटेच्या कडेला एका दगडावर एक आजोबा बसलेले, काठी खाली पडलेली, हात छातीवर. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला तो मी विसरणार नाही.

झालं होतं असं. आजोबा रोजच्यासारखे टेकडी चढत होते. ही वळणावरून खाली आली. समोर माणूस! हिनं ब्रेक दाबला, पुढचं चाक मुरमावरून सटकलं आणि ही आडवी. आजोबांना धक्का लागला नाही. ते बाजूला झाले, पण घाबरून मटकन खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांची नाडी पाहिली, पाणी दिलं. पाच मिनिटांनी आजोबा म्हणाले, "मी ठीक आहे. पोरीला बघा आधी."

काकांनी सायकल उचलून उभी केली आणि मागच्या ब्रेकचा खटका दाबला. खटका सरळ हँडलला जाऊन टेकला. आत काहीच नाही! वायर पार सैल.

"किती दिवस असं आहे?"

"...बुधवारपासून."

"सकाळी मी विचारलं होतं ना, दोन्ही ब्रेक लागतात का?"

ती रडायलाच लागली. सायकलच्या दुकानवाल्यांनी सोमवारी या म्हणून सांगितलं होतं. आणि 'ब्रेक नाही' म्हटलं तर काका परत पाठवतील, आणखी एक रविवार गॅलरीत, म्हणून तिनं 'हो' म्हटलं होतं. काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं म्हणे. त्यांनी खिशातून लहानसा षटकोनी पान्हा काढला, बोल्ट सैल केला, वायर ओढून घेतली, बोल्ट आवळला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "टपरीपाशी सांगितलं असतंस तर चहा गार व्हायच्या आत झालं असतं," एवढंच म्हणाले.

खालपर्यंत ती सायकल हातात धरून चालत आली. शेपूटही तिच्याबरोबर चालत आलं. एक शब्द न बोलता.

त्या दिवशी दुपारी ती जेवली नाही. "आता मी परत जाणार नाही" असं तिनं जाहीर केलं. तेव्हा मी तिला जी गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगतो, कारण या साऱ्या खेळाची सुरुवातच मुळी एका बिघडणाऱ्या ब्रेकपासून आहे!

अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहर आहे. तिथला गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन परगणा लागतो. तिथं टॅमलपायस नावाचा डोंगर आहे, उंची ७८४ मीटर. आपली पुण्याची वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे बरोबरीचीच की! पण हुरळून जाऊ नका. पुणं स्वतःच साडेपाचशे मीटरवर आहे, तो डोंगर मात्र समुद्राला लागूनच उठलाय.

१९७० च्या सुमाराला तिथल्या काही तरुणांना एक वेड लागलं. १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या अवजड सायकली भंगारातून, अडगळीतून शोधून आणायच्या, ढकलत डोंगरावर न्यायच्या आणि खाली सुटायचं. वजन वीस-वीस किलो! या सायकलींना आपल्यासारखे हातातले ब्रेक नसत. पॅडल उलटं मारलं की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागायचा. उतारावर सारखा ब्रेक लावल्यानं हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. पुन्हा भरण्याला इंग्रजीत म्हणतात 'रिपॅक'. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उताराला त्यांनी हेच नाव ठेवलं, रिपॅक! तीन किलोमीटरच्या आसपास वाट, आणि तेवढ्यात सुमारे ४०० मीटर खाली.

सगळ्यात वेगवान कोण यावर त्यांची भांडणं व्हायची. ती मिटवायला चार्ली केली आणि मित्रांनी २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं पहिली शर्यत घेतली. एकेकानं सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. पहिला नंबर आला अॅलन बाँड्सचा. पुढं गॅरी फिशरनं ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला. सरासरी काढून बघा, ताशी चाळीस किलोमीटरच्या वर भरते! त्यांच्यात वेंडी क्रॅग नावाची एक मुलगी होती. सुरुवातीच्या त्या टोळक्यातली ती जवळजवळ एकटीच मुलगी. ती सायकलही चालवायची आणि फोटोही काढायची. त्या दिवसांचे जे फोटो आज दिसतात त्यातले पुष्कळसे तिचेच आहेत.

ब्रेक जळतात, फ्रेमी मोडतात, म्हणून जो ब्रीझ यानं १९७७ मध्ये डोंगरासाठी खास नवी फ्रेम स्वतः बनवली. १९७९ मध्ये फिशर आणि केलीनं अशा सायकली विकायला सुरुवात केली, फ्रेमी टॉम रिची नावाच्या कारागिराच्या. त्यांच्या कंपनीचं नावच होतं 'माउंटनबाइक्स'. आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंट्यन्स आणि इटलीची पाओला पेझ्झो यांनी सुवर्णपदकं जिंकली. भंगारातल्या सायकलीपासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं!

"पण मामा, ते कुणाला आपटले नाहीत का?" भाचीनं विचारलं. नेमका प्रश्न.

गोष्टीचा हा भाग फारसा कुणी सांगत नाही. सायकली वाढल्या तशी तिथल्या पायवाटांवर भांडणं वाढली. पायी चालणारी माणसं, घोड्यावरून फिरणारी माणसं तक्रारी करू लागली. वळणावरून सायकल येते, घोडा बुजतो, म्हाताऱ्या माणसाची घाबरगुंडी उडते! मग अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वाटांवर वेगमर्यादा आली, ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर. आंधळ्या वळणावर किंवा माणसाजवळून जाताना ताशी ५ मैल, म्हणजे जेमतेम ८ किलोमीटर. भरभर चालण्याच्या थोडंच वर! वेग मोजायला रखवालदार यंत्रं घेऊन उभे राहायचे. ज्यांनी हा खेळ शोधला त्यांच्याच अंगणात त्यांना मनाई! शेवटी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि नियम केले. वाट खुली असेल तिथंच जायचं. सायकल ताब्यात ठेवायची. चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. जनावराला बुजवायचं नाही. वाट खराब करायची नाही. काकांच्या मंडळाचे नियम बघितले तर हेच. वनखात्याची पाटी असेल तिथं ते सायकल नेत नाहीत, आणि पावसाळ्यात टेकडीवर चिखल झाला की मुकाट्यानं रस्त्यावरून फेरी मारतात. ओल्या वाटेवर चाकाचा चर पडला की त्यातून पाणी धावतं आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेची घळ होते.

भाचीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पण माझा पुढचा ब्रेक लागत होता की. मग चाक सटकलं का?"

हे नीट समजून घ्या. उतारावर ब्रेक लावला की अंगाचं आणि सायकलचं वजन पुढच्या चाकाकडे ढकललं जातं. म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो. डांबरी रस्त्यावर ठीक. पण मुरमावर, वळणात, तो एकदम करकचून दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि गोट्यांवरून घसरल्यासारखं निसटतं. नुसता मागचा दाबला तर मागचं चाक फरपटतं, सायकल थांबत नाही आणि वाट उकरली जाते. म्हणून दोन्ही, हळूहळू, आणि वळण यायच्या आधी. वळणात शिरताना वेग कमी झालेला हवा. सीट खाली करायची, अंग मागे न्यायचं, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवायची म्हणजे दगडाला आपटत नाहीत. एक बोट ब्रेकवर कायम. काका नव्या मुलांना पहिले दोन रविवार सपाट मैदानात खडूची रेघ मारून तिथं थांबायला लावतात. कंटाळवाणं आहे. मीही केलं. माझं चाक रेघेच्या पुढं दोन हात गेलं, सगळे हसले.

जाता जाता खर्चाचं सांगतो, कारण तुमची पत्रं येतील. त्या मंडळात एकाची सायकल माझ्या स्कूटरहून महाग आहे, हे खरं. पण दुसरा एक मुलगा साध्या, बिनगिअरच्या सायकलवर येतो आणि चढाला चालतो. त्याला कुणी कमी लेखत नाही. दुकानात पुढं-मागं स्प्रिंगा लावलेल्या चकचकीत स्वस्त सायकली दिसतात ना, त्यांच्या नादी लागू नका. जड असतात आणि स्प्रिंगा नावालाच. ते पैसे चांगल्या ब्रेकमध्ये आणि डोक्याला नीट बसणाऱ्या हेल्मेटमध्ये घाला.

बरं, पुढच्या रविवारी काय झालं?

पावणेसहालाच माझ्या दारावर टकटक! चौकात पोचल्यावर काकांनी काही विचारायच्या आत हिनं सायकल त्यांच्यापुढं उभी केली. "काका, मागचा ब्रेक बरोबर आहे. पण पुढचा घासताना आवाज येतो, बघता का?" काका खाली बसले. ब्रेकच्या रबरात बारीक खडा अडकला होता. तो नखानं काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. मग त्यांनी शेपटाची पिशवी तिच्या पाठीवर दिली. "आज तू याच्याबरोबर मागं. पंक्चर कसं काढतात ते बघ." ती थोडी खट्टू झाली, पण पिशवी घेतली.

वर जाताना त्याच वळणावर आजोबा भेटले. भाची सायकलवरून उतरली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी बराच मागं होतो. पण आजोबांचं उत्तर पार माझ्यापर्यंत ऐकू आलं.

"अगं, सॉरी राहू दे! घंटी लाव, घंटी! तुमच्या या महागड्या सायकलींना घंटी का नसते गं?"

खरंच नव्हती. बारा सायकलींत एकालाही नव्हती! जोरात जाणाऱ्यांना घंटी म्हणजे पोरकटपणा वाटायचा. त्या संध्याकाळी भाचीनं खाऊच्या पैशातून घंटी आणली, जुन्या पद्धतीची, पितळी रंगाची, ट्रिंग ट्रिंग करणारी. परवा मला चौकात आणखी चार सायकलींवर तशाच दिसल्या. त्यातली एक काकांच्या.

— तुमचा मामा

(तुमच्याही गावात डोंगरावर, टेकडीवर सायकलनं जाणारं मंडळ असेल, तर त्यांचं शेपूट कोण असतं ते मला जरूर कळवा.)